बँकॉकहून, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

काल विमानतळावरून फोन केला तेव्हा आई, तू नुसतं 'बरं' म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. म्हणून आज नीट बसून लिहितेय. मी रागावून आलेले नाही. आत्याकडे जे बोलणं झालं त्याचा याच्याशी संबंध नाही, तुमच्याशी तर मुळीच नाही.

मार्चएंड संपला, रजा शिल्लक होती, तिकीट स्वस्तात मिळालं. मुंबईहून विमानाने चार-साडेचार तास. सांगलीहून एसटीने पुण्याला यायला याहून जास्त वेळ लागतो. रविवारी परत, सोमवारी ऑफिस. सोबत का नेली नाही म्हणशील, तर मुद्दामच कुणाला विचारलं नाही. कित्येक महिने मी सारखी कुणाला ना कुणाला उत्तरं देतेय. चार दिवस मला कुणी काही विचारू नये, एवढंच हवं होतं. तुमचं विचारणं त्यात धरलेलं नाही, ते मला हवंच असतं.

खोली सीलोम भागात आहे, स्वच्छ, एसी चालू. संडासात आपल्यासारखाच जेट आहे, तेव्हा ती काळजी सोड. जवळच मारिअम्मनचं देऊळ आहे, तमिळ लोकांनी बांधलेलं. बाहेर झेंडू-मोगऱ्याच्या माळा विकायला असतात. जेवणाचं म्हणशील तर इथे भाजीतही माशाचा सॉस घालतात, म्हणून मी 'जे' लिहिलेली पिवळी पाटी बघूनच आत जाते. तिथे मांस-मासे-अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही. आजीसुद्धा जेवली असती. काल आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात खाल्ला. हापूसचा वास त्याला नाही, पण गोड होता.

उकाडा मात्र भयंकर. एप्रिल हा इथला सगळ्यात तापलेला महिना, आणि सांगलीसारखा कोरडा नाही, अंगाला चिकटणारा. दुपारी बारा ते चार मी बाहेर पडत नाही, शहाळं पिते, टोपी घालते.

आज सकाळी वाट फो हे बुद्धाचं देऊळ पाहिलं. निजलेला बुद्ध, 46 मीटर लांब. डोक्याकडून पायांपर्यंत नुसतं चालतच राहायचं. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात 108 शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत काशाची भांडी ओळीने मांडलेली, तीही 108. वाटीभर सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येकात एकेक टाकत जायचं. पुढे-मागे सगळे टाकत असतात, त्यामुळे अख्ख्या सभागृहात टिण्‌ टिण्‌ चालू असतं. बाबा, तुम्ही गणपतीच्या देवळात मला दानपेटीपाशी उचलून धरायचात आणि नाणं आत पडल्याचा आवाज आल्याशिवाय मी खाली उतरायची नाही, ते आठवलं. एक नाणं तुमच्या गुडघ्याच्या नावाने टाकलं, एक आईच्या झोपेच्या. मग बराच वेळ तिथेच एका खांबाला टेकून उभी होते. पुढच्या वेळी तुम्हाला घेऊन येईन, डिसेंबर-जानेवारीत, थोडं गार असताना. पायऱ्या फार नाहीत, मी बघून ठेवलंय.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. शनिवारी रक्त तपासायला दादा नेईल. उपाशीपोटी जायचं, एक बिस्कीटसुद्धा नाही. आई, कुरडया वाळत घालायला उन्हात गच्चीवर जाऊ नकोस. त्या जिन्याला कठडा नाही, हे मी किती वेळा सांगितलंय. कुसुमला सांग, ती घालेल. थोड्या तुटल्या तर तुटू देत. रात्री गॅस सिलिंडरपाशी बंद करा.

इथलं घड्याळ दीड तास पुढे आहे. तुमच्या साडेआठला फोन करीन, इथे तेव्हा दहा वाजलेले असतात आणि मी खोलीतच असते. फोन स्पीकरवर टाका, नाहीतर बाबांना ऐकू येत नाही आणि ते मधेच ठेवून देतात. आई, या वेळी तूही बोल. रविवारी पुण्यात पोचले की मेसेज टाकीन. जागत बसू नका.

तुमची,
मनू