अक्कलकोट रोडच्या लेथवाल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

ज्या तेलापायी माझा जीव टांगणीला लागला होता, ते आता तुम्ही करून दिलेल्या डब्याचा बोल्ट सोडला की वाटीत येतं. काल पंढरपूरचं भाडं सोडून आल्यावर पुन्हा काढलं. काळं, दाट, जळका वास असलेलं. टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, जाणाऱ्या नळीत बोट फिरवून पाहिलं, तर नळी जवळजवळ कोरडी. तेव्हाच ठरवलं, तोंडी आभार पुरे नाहीत, चारचौघांत लिहायचं.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं सांगतो. इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच, नव्या गाडीतही उतरतो. तो वर येताना तेलाची वाफ सोबत आणतो आणि ब्रीदरच्या नळीने पुन्हा टर्बोच्या तोंडाशी जातो. डिझेल गाडीत पुढे ईजीआरमधून, म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेने, काजळी येते. तेल आणि काजळी एकत्र आली की इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसत जातो, गाडीचा श्वास कोंडतो आणि घाटात दम लागतो. मधे एक बंद डबा बसवायचा, आत जाळी ठेवायची. गॅस जाळीवर आपटतो, थंड होतो, तेल खाली साठतं आणि गॅस पुढे निघून जातो. एवढीच ही गोष्ट.

एवढी साधी गोष्ट मला कुणी नीट सांगितली नाही याचा राग अजून गेलेला नाही. एका मोठ्या गॅरेजमध्ये टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाईपमधलं तेल बघताच, गाडी चालू करून न बघता, "हाफ इंजिन करावं लागतंय", म्हणजे इंजिन खोलून अर्धी दुरुस्ती, म्हणून आकडा सांगितला. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरच्या भाड्यांवर माझं घर चालतं. तो आकडा ऐकून बायको दोन दिवस बोलली नाही. दुसऱ्याने सांगितलं, ती ब्रीदरची नळी उपटून खाली सोडून द्या, कटकट मिटली. म्हणजे सगळा धूर रस्त्यावर, मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर. 2010 साली देशात ज्या 13 शहरांत गाड्यांच्या धुराचे बीएस-4 नियम आधी लागू झाले त्यांत आपलं सोलापूर होतं. त्याच शहरात गॅरेजवाला असला सल्ला देतो, याचं वाईट वाटतं. दोघांनीही माझा प्रश्न पूर्ण ऐकून घेतला नव्हता.

तुम्ही ऐकलंत. खरं तर गाड्या तुमचं काम नाही. तुमचं काम लूमचे, म्हणजे कापडाच्या मागाचे, शाफ्ट, गिअर, बुश. दारात टॉवेल कारखान्याचा माणूस घाई करत उभा होता. तरी तुम्ही म्हणालात, "डबा नंतर. आधी गाडी दाखवा." इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण सैल केलंत, तोंडावर नुसतं ठेवलंत आणि बघत राहिलात. झाकण उडालं नाही, धुराचे लोट आले नाहीत. "रिंगा चांगल्या हायत. इंजिन खोलू नका." त्या एका वाक्याने मला किती हलकं वाटलं, ते तुम्हाला माहीत नसेल. वर हेही सांगितलंत की रिंगा गेल्या असत्या तर डब्याचा उपयोग नव्हता, तसा डबा तुम्ही करून दिला नसता. येणारं काम नाकारायची तयारी ठेवून बोलणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

कापणं, आरगॉन वेल्डिंग, नळी जोडायचं निपल लेथवर टर्न करणं यात मी जात नाही. ते तुमच्या हातातलं. दोन गोष्टी मात्र लिहितो, कारण घरी डबा करणारे तिथेच चुकतात. निपलचं भोक कंपनीच्या नळीपेक्षा कणभरही बारीक नको, नाहीतर चेंबरमध्ये दाब वाढून ऑईल सील गळायला लागतात. आणि आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची नाही. तिची तार तुटते आणि थेट टर्बोत जाते. तुम्ही स्टेनलेसची जाळी गुंडाळून दोन पत्र्यांत अशी पकडलीत की हलवून पाहिली तरी आवाज नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो. वरचं झाकण बसवायचं राहिलं होतं. डबा डिझेलने धुऊन झाला होता, हवा मारून झाली होती. मला तो स्वच्छच दिसत होता, दुसरा कुणी असता तर तिथेच हातात दिला असता. तुम्ही उजेडाकडे धरून आत पाहिलंत आणि फडकं शोधायला लागलात. पोराने टॉवेलचा नवाकोरा तुकडा पुढे केला. आपल्या गावात त्याला काय तोटा! तुम्ही तो परत दिलात. "त्याचे धागे सुटत्यात." मग कोपऱ्यातली पिशवी काढलीत, भाकरी सोडून जेवणाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलीत आणि ती ज्यात बांधून आणली होती ते जुन्या धोतराचं धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं घेऊन आतून पुसायला बसलात. पुसायचं, उजेडात बघायचं, घडी बदलायची, पुन्हा पुसायचं. शेवटच्या घडीवर लोखंडाचा एक चकाकता कण निघाला. तो बोटावर घेऊन मला दाखवलात. बोलला काहीच नाहीत.

दुपार टळून गेली होती, जेवण तुमचं झालं नव्हतं, लूमवाल्याचं काम पडलं होतं. माझी तुमची ओळख त्या सकाळची. तो कण आत राहिला असता तरी मला कधी कळलं नसतं आणि तुमच्या दारात कुणी जाब विचारायला आलं नसतं. तरी तुम्ही तो शोधलात. अण्णा, मी दिवसभर माणसं नेतो-आणतो. देवाला जाणारी असतात, दवाखान्यात जाणारी असतात. चांगुलपणाच्या गोष्टी मागच्या सीटवर रोज ऐकू येतात. पण तपासायला कुणी नसताना असं काम करणारा माणूस समोर बसलेला बघितला की छाती भरून येते. अशा माणसांच्या जिवावर आपली चाकं फिरतात, मग ती लूमची असोत की गाडीची.

पैसेही सकाळी सांगितले तेवढेच घेतलेत. वेळ जास्त गेला म्हणून वाढवले नाहीत आणि ओळख झाली म्हणून कमी करायचा आव आणला नाहीत. हे मला फार आवडलं.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळतो आहे. डबा सायलेन्सरच्या उष्णतेपासून लांब बांधला आहे. निघालेलं तेल परत इंजिनमध्ये ओतत नाही, कारण त्यात पाणी आणि कच्चं डिझेल असतं. थंडीत सकाळी ते ताकासारखं पांढरट निघालं तेव्हा घाबरलो नाही, तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की जाळी धुवायला येतो.

स्टँडवरचे दोघं-तिघं तुमचा पत्ता मागूलालेत. तुम्हाला विचारल्याशिवाय दिला नाही. लूमचं काम हातावेगळं झालं आणि तुमची तयारी असली तर कळवा, त्यांना एकेक करून पाठवतो.

तुमचा,
पांढऱ्या डिझेल गाडीवाला