ठळक अक्षरांतले आकडे

इंदिरानगर, नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला तुझा फोन आला, तेव्हा आई दचकून उठली होती. लॅबमध्ये तुझा नंबर दिलेला, त्यामुळे रिपोर्ट आधी तुझ्याच मोबाइलवर गेला. माझा एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) ६८, म्हणजे रेंजबाहेर म्हणून ठळक अक्षरांत दिसला आणि तू थेट लिव्हरच्या आजारापर्यंत पोचलीस. त्या रात्री मला बोलायला वावच मिळाला नाही. आता दुसरा रिपोर्ट हातात आहे, म्हणून लिहितो.

रक्त दिलं तो बुधवार होता. त्याआधीच्या सोमवारी, श्रावणातल्या तिसऱ्या, ब्रह्मगिरीची फेरी केली होती. वीसेक किलोमीटर, त्यातली बरीचशी चिखलातून, अनवाणी. (आईला अनवाणीचं बोलू नकोस.) एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूंमध्येही असतं. पाय एवढे शिणले की तिथूनही ते रक्तात उतरतं. डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "आठवडाभरात काय काय केलंत?" मग सीपीके करायला लावलं, ते स्नायूंचं. तेही वाढलेलं निघालं. तीन आठवडे गप घरी बसून परत रक्त दिलं, तर एसजीओटी ३१.

अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं मी मापंच घेतली, पण रिपोर्टातली रेंज कुठून येते ते मलाही हल्लीच कळलं. आमच्याकडे ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला असायचा. त्याच्या बाहेरचा पीस रिजेक्ट. रक्ताचं तसं नाही. धडधाकट माणसांची मापं घेतात, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून देतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक तसाही बाहेरच पडणार. आणि एकाच माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर एखादा आकडा ठळक येण्याचीच शक्यता जास्त. चेकअपच्या पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर तपासण्या असतात.

पण मला खरं लिहायचंय ते आईबद्दल. तिच्या रिपोर्टात एकही अक्षर ठळक नव्हतं, म्हणून तू तो उघडलाही नसशील. मी जुन्या फाइली काढल्या. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते, २०२२ साली ०.७, पुढच्या वर्षी ०.८, मग ०.९, आणि आता १.०. चारही आकडे रेंजच्या आत. पण कारखान्यात सलग पीस मापात असूनही एकाच बाजूला सरकत निघाले, की आम्ही मशीन थांबवून टूल बघायचो. एखादा पॉइंट इकडेतिकडे होतोच. पाणी कमी प्यायलं तरी, लॅब बदलली तरी. चार वर्षं एकाच दिशेला मात्र सहसा होत नाही.

डॉक्टरांना चारही कागद दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न गोळ्यांचा केला. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून आणून पेनकिलर घेत होती, जवळजवळ रोज, आणि मला पत्ता नाही! तसल्या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीला भारी पडू शकतात. त्या बंद केल्यात, लघवीतलं प्रोटीनही तपासायला दिलंय. आई म्हणते, "तुम्ही दोघं मिळून मला आजारी पाडाल."

तुझं हिमोग्लोबिन मागे ११.२ आलं होतं. त्याच्या आधीचे कागद तुझ्याकडे नसणारच. कॉलेजात असतानाचे दोन माझ्या फाइलीत सापडले, फोटो पाठवतो. पुढच्या वेळी रक्त देशील ते त्याच लॅबमध्ये, सकाळी, उपाशीपोटी, आणि आदल्या दिवशी जिमला न जाता.

आईचं रक्त गुरुवारी परत द्यायचंय. रिपोर्ट तुझ्याकडेच आधी येईल. ०.९ असो की १.१, रात्री साडेअकराला फोन करू नकोस, सकाळी कर.

तुझे,
बाबा