धक्क्यानंतरची छातीतली कळ पित्त समजू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे घरात मयत झाले किंवा वादळात वाडी आडवी झाली आणि त्या घरातल्या बाईच्या छातीत दुखू लागले, तर ‘धक्का बसलाय, पित्त उसळले असेल’ असे म्हणून तिला आमसुलाचे सरबत पाजून माजघरात निजवले जाते. धक्का बसलेला असतो हे खरेच. पण त्या धक्क्याने हृदयाच्या स्नायूलाच इजा होऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अशा वेळी अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरके एकाएकी एवढ्या प्रमाणात उसळतात, की हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक आकुंचन पावेनासे होते आणि फुगते. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये या विकाराला ‘ताकोत्सुबो’ असे नाव दिले, कारण तो कप्पा तिथल्या ऑक्टोपस धरण्याच्या मडक्यासारखा, बुडाशी गोल आणि तोंडाशी अरुंद दिसतो. ईसीजी बदलतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढते, अँजिओग्राफीत मात्र या त्रासाला कारण ठरेल असा रक्तवाहिनीतला अडथळा सापडत नाही. रुग्णांत पाळी गेलेल्या स्त्रियाच बहुसंख्य असतात. बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत सावरते. परंतु पहिल्या काही दिवसांत फुफ्फुसांत पाणी भरणे, ठोके बिघडणे आणि क्वचित मृत्यूही संभवतो. हा नेहमीचा हार्ट अटॅक की ताकोत्सुबो, हे घरी बसून कोणालाही, अगदी डॉक्टरलाही, सांगता येत नाही. म्हणून रडून दमली आहे, जरा पडू दे, असे म्हणण्याआधी 108 ला फोन करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रोजच्या काळजीचे दुखणे वेगळे. कर्जाचा किंवा समुद्रावर गेलेल्या माणसाचा घोर महिनोन्‌महिने लागून राहिला, की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढे राहून रक्तदाब आणि साखर वाढते.

जपानमध्ये 2004 च्या निगाता भूकंपानंतर ताकोत्सुबोचे रुग्ण वाढल्याची नोंद आहे. आपणही 3 जून 2020 चे निसर्ग वादळ आणि 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर सोसला आहे. पडलेल्या माडा-पोफळींचे आणि उडालेल्या पत्र्यांचे पंचनामे जसे तातडीने होतात, तशीच यापुढे आपत्तीनंतरच्या आरोग्य शिबिरांत, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्या वाटतानाच, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचा रक्तदाब तपासावा, छातीत दुखते किंवा दम लागतो का हे विचारावे आणि तशी तक्रार असल्यास ईसीजी तिथेच काढावा. आशाताई घरोघरी जातातच. हे दोन प्रश्न त्यांच्या यादीत घालण्याचा जिल्हा आरोग्य यंत्रणेने विचार करावा.

आपली,
एक वाचक, दापोली