गोठ्यामागचं चाक

न्यूरेंबर्ग (जर्मनी), २१ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गुरुवारी फोनवर तू विचारलंस, "नाताळाच्या सुट्टीत तिथं एकलीच राहशील काय वं?" तेवढ्यात तुझ्याकडं हळदी-कुंकवाच्या बाया आल्या आणि बोलणं राहून गेलं. म्हणून लिहिते आहे. मी एकटी नाही.

इथं नाताळ चार रविवार आधीच सुरू होतो. खालच्या मजल्यावरच्या आजी टेबलावर सूचिपर्णी फांद्यांचं गोल कडं ठेवतात, त्यावर चार लाल मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं चौथ्यापर्यंत. आज चौथा रविवार. दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळला आणि आजींनी मला बोलावलं. पहिली मेणबत्ती जळून जळून अंगठ्याएवढी उरली होती, शेवटची अजून सरळ उभी. चौघी पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. आई, मला तुझा चौरंग आठवला. मार्गशीर्षातले तुझेही चारच गुरुवार झाले ना यंदा? तांब्यावरचा नारळ, पाच झाडांची पानं, कहाणी संपेपर्यंत उपाशीपोटी बसलेलो आम्ही. वाट पाहायला लावणारा सण मला लहानपणापासून जास्त आवडतो, हे मला इथं येऊन कळलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. हे कडं कुठून आलं ते आजींनी सांगितलं. १८३९ साली हाम्बुर्गला विखर्न नावाचे पाद्री गरीब, अनाथ लेकरांचा सांभाळ करायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ केव्हा? तेव्हा त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. रोज एक लावायची, म्हणजे किती दिवस उरले ते पोरांनाच मोजता येई. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं आपल्या गोठ्यामागचं चाक आलं. लोखंडी धाव गंजलेली, दोन आरे निखळलेले, मधल्या तुंब्यात चिमण्यांचं घरटं. तान्ह्या पोळ्याला आम्ही आपले लाकडी बैल त्यालाच टेकवून ठेवायचो आणि घरोघरी मिळालेल्या बोजाऱ्याचे पैसे मोजत बसायचो.

२४ तारखेच्या संध्याकाळी मी आजींकडं जेवायला आहे. तोच इथला मोठा दिवस. दुपारनंतर दुकानं बंद होतात, नाताळाचा बाजारही आटोपतो. पूर्वी नाताळाच्या झाडाची खोली दिवसभर बंद ठेवत आणि घंटी वाजली की मगच लेकरांना आत सोडत. आजींची नातवंडं येणार आहेत, त्यांच्यासाठी त्या अजून तसंच करतात. जेवण मात्र अगदी साधं, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. बदकाचा बेत २५ ला. मी मांस खात नाही म्हणून आजी यंदा सॅलडात मांसाच्या पाण्याऐवजी भाज्यांचं पाणी घालणार आहेत. सत्तर वर्षांची सवय माझ्यासाठी मोडली त्यांनी. हे ऐकून मला बोलता येईना.

मी सांबारवडी नेणार आहे. तुर्की दुकानात हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळाला. आई, पारीला बेसन किती आणि मैदा किती, ते मंगळवारपर्यंत सांग. या पत्राचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवते आहे, त्याला वाचून दाखवायला लाव.

कापसाची वेचणी कुठवर आली? तुरीचे सोले निघाले असतील तर माझ्या वाटची भाजी दादाला वाढ.

बाबा, बैलं विकली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, ते मला ठाऊक आहे. आता भंगारवाला गावात येतो म्हणता. ते चाक त्याला देऊ नका. छपराखाली घ्या आणि चिमण्या असतील तर तुंबा तसाच राहू द्या. मी पोळ्याला येते आहे.

तुमची लाडकी,
ताई