दान्तेच्या नरकात लाचखोर खुन्याच्याही खाली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला दान्तेच्या नरकावरचा लेख वाचला. ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्यात स्वतःच नरक हिंडून येणाऱ्या सातशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कवीला आपण अर्धं पान दिलंत, याचा मनापासून आनंद झाला. पण ‘जसं पाप तशी शिक्षा, आपल्या पुराणांत आहे तेच’ एवढ्यावर लेखकाने विषय मिटवला, ते पटलं नाही.

भागवताच्या पाचव्या स्कंधात कुंभीपाक नरक आहे. जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्याला यमदूत तिथे उकळत्या तेलात शिजवतात. दुसऱ्याला जे केलं ते करणाऱ्यावर उलटतं आणि भोग संपला की जीव पुन्हा जन्माला येतो. दान्तेकडेही अशी परतफेड आहे. बेर्त्रां द बोर्न या कवीने इंग्लंडच्या राजपुत्राला बापाविरुद्ध चिथावलं, जोडलेलं तोडलं, म्हणून तो स्वतःचं तुटलेलं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून फिरतो. पण फ्रान्चेस्काचं काय? नवऱ्याच्या भावावर, पाओलोवर तिचं प्रेम जडलं आणि नवऱ्याने दोघांना मारलं. नरकात एक काळोखं वादळ त्या दोघांना अखंड फरफटवत असतं. तिने कुणाला वादळात लोटलं नव्हतं. वासना नेईल तिकडे ती गेली आणि अजूनही तशीच जाते आहे. बोलतानाही ती दोष देते तो प्रेमाला आणि त्या दिवशी दोघं वाचत होते त्या पुस्तकाला, स्वतःला नाही. ही शिक्षा तिच्यावर बाहेरून लादलेली नाही. तिने निवडलं होतं तेच आता न संपणारं झालं आहे.

लेखात ज्या भागाला एक ओळही मिळाली नाही, त्यासाठी मी लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षणात गेली. पंचायत समित्या, नगरपालिका, कॅशबुकं, मोजमाप पुस्तिका. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या अफरातफरींत तिजोरी कुणीच फोडली नव्हती. जे झालं ते कागदावर, सहीशिक्क्यानिशी, नियमाचा आधार दाखवून. म्हणून ‘नरका’चा, म्हणजे त्या काव्याच्या पहिल्या खंडाचा, एकविसावा आणि बाविसावा सर्ग मी पुन्हा पुन्हा वाचतो. सार्वजनिक पदं विकणारे, पैसे घेऊन निकाल फिरवणारे तिथे उकळत्या डांबरात बुडवलेले आहेत. व्हेनिसच्या गोदीत हिवाळ्यात जहाजांच्या फटी बुजवायला डांबर उकळतं, तसं ते दाट आणि काळं आहे, असं दान्ते सांगतो. इतकं काळं, की वरून बुडबुड्यांखेरीज काही दिसत नाही.

एक राक्षस लुक्का शहराच्या एका कारभाऱ्याला खांद्यावर टाकून आणतो आणि आत फेकतो. त्या शहरात पैशासाठी ‘नाही’चं ‘हो’ होतं, असं तो ओरडून सांगतो. तो माणूस वर येऊ लागताच बाकीचे राक्षस त्याला आकड्यांनी खाली दाबतात आणि म्हणतात, इथे झाकूनच नाचायचं, जमलं तर चोरून काही लाटून बघ! पूर्ण शिक्षा या एका वाक्यात आहे. जे आयुष्यभर पांघरुणाखाली चाललं, ते पुढेही पांघरुणाखालीच. पुढच्या सर्गात हे पापी दाह सोसवेना की क्षणभर पाठ वर काढतात आणि राक्षस दिसताच विजेसारखे आत लपतात. पकडला गेलेला एकजण तर राक्षसांनाही थाप मारून निसटतो. नरकात पोचूनही त्याचं काम थांबलेलं नाही. अशी माणसं मी टेबलापलीकडे बसलेली पाहिली आहेत. एका हरकतीचं उत्तर द्यायला तीन नवे खोटे कागद आणणारी.

आता त्यांची जागा पाहा. या नरकाची वर्तुळं जितकी खाली, तितकं पाप मोठं. खुनी आणि जुलमी राजे सातव्या वर्तुळात, उकळत्या रक्ताच्या नदीत, ज्याच्या हातून जितकं रक्त सांडलं तितका खोल: कुणी गळ्यापर्यंत, कुणी भुवयांपर्यंत. हे लाचखोर त्याहून खाली, आठव्यात, पाचव्या खंदकात. कारण व्हर्जिल, म्हणजे दान्तेला नरकातून नेणारा वाटाड्या, प्राचीन रोमन कवी, अकराव्या सर्गात सांगतो. खालून येणाऱ्या दुर्गंधीची सवय व्हावी म्हणून दोघं एका थडग्याच्या आडोशाला थांबतात आणि तेवढ्या वेळात गुरू शिष्याला नरकाची मांडणी समजावतो. हिंसा पशूही करतो. फसवणूक फक्त माणूस करतो, कारण तिला बुद्धी लागते, म्हणून देवाला ती अधिक नकोशी. मला हा क्रम रास्त वाटतो. रागाच्या भरात उचललेली कुऱ्हाड आणि शांतपणे, चष्मा लावून, तिसऱ्या रकान्यात वाढवलेला आकडा यांत दुसरं कृत्य जास्त माणसांच्या विश्वासावर घाव घालतं. आपले कायदे तसं मानत नाहीत, हे मला माहीत आहे.

याच भागात दान्ते इतका घाबरलेला का, हेही लेखात यायला हवं होतं. व्हर्जिल त्याला खडकाआड लपायला सांगतो आणि तो खरोखर दबून बसतो. दान्ते स्वतः १३०० सालच्या जून ते ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सच्या सहा कारभाऱ्यांपैकी एक होता. शहरात सत्तेवरचा गट पालटला आणि २७ जानेवारी १३०२ रोजी त्याच्यावर नेमका हाच ठपका आला: पदाचा गैरवापर आणि लाच. दंड पाच हजार फ्लोरिन, दोन वर्षं हद्दपारी, पदावर कायमची बंदी. तो हजर झाला नाही. १० मार्चला हुकूम निघाला, सापडला तर जिवंत जाळा. तो पुन्हा कधीच फ्लॉरेन्सला परतला नाही, १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. फ्लॉरेन्सच्या नगर परिषदेने ही शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला तो २००८ साली, आणि तोही एकमताने नव्हे. ज्या डांबराचा डाग त्याला लावला गेला, त्याच डांबराच्या काठाने तो वाचकाला घेऊन चालतो. या आरोपाबद्दल तो तिथे चकार शब्द काढत नाही. माझ्या खात्यात खोट्या ठपक्याने निलंबित झालेले प्रामाणिक लोकही मी पाहिले आहेत, त्यामुळे त्याचं हे न बोलणं मला फार मोठं वाटतं.

लेखमाला पुढे चालणार आहे असं दिसतं. लेखकाला विनंती, की दुसऱ्या खंडावर, शुद्धीच्या डोंगरावर, घाईने लिहू नका. तिथे गर्विष्ठ लोक पाठीवर शिळा घेऊन वाकून चालतात, मत्सरी लोकांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. म्हणजे शिक्षेची जुळणी तीच, पण इथे ती सोसणारा बदलू पाहतो आणि म्हणून ती संपते. याच डोंगरावर दान्ते स्वतःविषयीही कबुली देतो: मत्सर माझ्यात थोडा, मला खरी धास्ती आहे ती खालच्या, गर्विष्ठांच्या पाठीवरच्या त्या ओझ्याची. नरकात लोकांना जागा नेमून देणाऱ्या कवीने आपली जागा कुठे दाखवली, हे वाचकांना कळू द्या.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, मिरज