विरळणीची हजेरी घरच्या बाईला का नाही?

संपादक महोदय, स. न.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आमच्या तासगाव भागात ही ८८ कोण करतं, त्यांना एकदा बघायचंय.

द्राक्षाच्या विरळणीच्या, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायच्या दिवसांत पहाटे भाकऱ्या थापून, शेण काढून, सासूबाईंच्या गोळ्या देऊन मी बागेत जाते. दिवसभर मान वर, हातात कात्री. शेजारच्या ओळीतल्या बाईला हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी मिळते. मी घरची, म्हणून मला नाही. व्यापारी आला की ओसरीवर चहा मी नेते, पण दर ठरतो तो मी आत कप विसळताना. पैसे मालकांच्या खात्यावर. ते मदत करत नाहीत असं नाही हं, पाहुणे असले की कांदा चिरतात आणि भावकीत महिनाभर त्याचं कौतुक चालतं.

गृहिणी अपघातात गेली तर कोर्ट तिच्या घरकामाची किंमत धरून भरपाई देतं. मग जितेपणी का धरू नये? लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. तलाठ्यांनी एवढं तरी ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि ग्रामसभा भाकऱ्यांच्या वेळेला ठेवू नये.

– एक शेतकरी महिला, ता. तासगाव, जि. सांगली