सभेतल्या त्या अनोळखी भावाला

भावा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं बघ. आबांना रिक्षात बसवून मागं वळले तोवर तू गर्दीत दिसेनासा झालास, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितीय. कोल्हापूर काय एवढं मोठं नाय, फिरत फिरत तुझ्यापर्यंत पोचंलच.

कोल्हापूर उत्तरची विधानसभा पोटनिवडणूक झाली, 12 एप्रिल 2022 ला मतदान, 16 ला निकाल, जयश्रीताई जाधव 18 हजारांच्या वर लीड घेऊन आल्या आणि आता सगळी पब्लिक व्हाट्सअपवर चंद्रकांतदादा पाटलांच्या 'हरलो तर हिमालयात जाईन' वाल्या बोलण्यावरचे जोक फॉरवर्ड करण्यात दंग आहे. माझ्या डोक्यातनं मात्र ती सभा जाईना. कुठल्या पक्षाची ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की लोक मूळ विषय सोडून त्याच्यावरच भांडत बसतील, आपल्या पेठांना काय सांगायला पाहिजे का.

आमच्या आबांना सभेचं भयंकर वेड. पक्ष कुठला का असेना, बिंदू चौकात नाहीतर पेठेत स्टेज लागलं की हा माणूस जेवण अर्धवट टाकून निघणार. मागच्या वर्षी मे महिन्यात कोरोना झाला, वाचले, पण फुप्फुसं पहिल्यासारखी राहिली नाहीत, एक जिना चढला तरी मधे थांबावं लागतं. त्यात जून 2021 ला बाकीचा महाराष्ट्र हळूहळू उघडत होता तेव्हा आपण कोरोना निर्बंधांच्या चौथ्या लेव्हलला अडकलेलो, जुलैत वरनं महापूर, म्हणजे घराबाहेर पडायचं नावच नाय. आणि आता गुढीपाडव्याला निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला आणि त्याच आठवड्यात गावात प्रचाराचा धुरळा, बंटीसाहेब म्हणजे सतेज पाटील काय, चंद्रकांतदादा काय, फडणवीस काय, रोज कोण ना कोण. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी ऑनलाइन सभा घेतली ती मी आबांना घरात लावून देत होते, तर म्हणतात, स्क्रीनवरची सभा म्हणजे लग्नाची कॅसेट, जेवण कुठाय त्यात? मग काय करणार, नेलं.

सभा कशी होती तुला माहितीच आहे. नेते बऱ्याच उशिरानं आले, तोवर हलगी, शिट्ट्या, फटाक्यांची माळ, त्या धुरात सगळे बिनमास्कचे एकमेकाला चिकटून. आबा खूश होते खरं, दोन वर्षांनी माणसांत आल्यासारखं तोंड झालेलं त्यांचं. भाषण पण जोरात चाललेलं, नेता हात वर करून विचारणार आणि खालनं पब्लिक ओरडून उत्तर देणार. कोरोनात आम्ही तुमच्या दारात उभे होतो असं काहीतरी चाललेलं आणि योगायोग बघ, तेवढ्यातच आबांनी माझा दंड धरला. ओठ निळसर, बोलता येईना. मी ओरडतीय पण स्पीकरपुढं कोण ऐकणार, पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या कपड्यातल्यानं तर मागं वळून बघितलं आणि परत टाळ्या वाजवायला लागला.

तू कुठनं आलास देव जाणे. हलगीवाल्याचा हात धरून थांबवलास, चार पोरांना साखळी करून वाट काढायला लावलीस, खुर्ची आणलीस, एवढं तर कुणीही शहाणा माणूस करंल. पण आबांपुढं गुडघ्यावर बसायच्या आधी तू गळ्यातला पक्षाचा मफलर काढलास, घडी घातलीस आणि पॅन्टच्या खिशात कोंबलास. कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांचे दोन्ही हात धरून, आबा माझ्याकडं बघा, नाकानं घ्या, ओठ बारीक करून हळू सोडा, घाई नाय, भाषण काय पळून जात नाय. शेजारच्या तुझ्याच दोस्तानं मोबाईल वर केला तर त्याच्याकडं न बघता म्हणालास, खाली घे तो.

हे तीन शब्द माझ्यासाठी किती मोठे होते तुला कळायचं नाय, म्हणून सांगते.

गेल्या मे मध्ये आबांना बेड मिळंना तेव्हा ज्यांच्या प्रचाराला आबा आयुष्यभर उन्हातान्हात फिरले त्यातल्या एकाला मी रात्रभर फोन लावत होते. आधी उचलला नाही, मग स्विच ऑफ. बेड शेवटी मिळाला तो एका ओळखीच्या नर्सबाईंमुळं. आणि आबा डिस्चार्ज होऊन घरी आले, धड उभं राहता येत नव्हतं, तेव्हा हेच साहेब दारात. सोबत फोटोग्राफर. तांदूळ, डाळ, सॅनिटायझरची बाटली, बाटलीवर यांचाच हसरा फोटो. आबांना उंबऱ्यापर्यंत धरून आणायला लावलं, पिशवी नीट दिसंना म्हणून परत एकदा द्यायला लावली, मास्क जरा खाली घ्या म्हणाले. ज्या माणसाला श्वास पुरत नव्हता त्याला हसायला सांगत होते. तो फोटो नंतर फ्लेक्सवर लागला, आमच्याच कॉर्नरला, कितीतरी दिवस होता. आबा त्या बाजूनं दूध आणायला जायचे बंद झाले, कारण विचारलं तर सांगायचे नाहीत.

म्हणून भावा, तू मफलर खिशात घातलास ना, तेव्हा मला रडूच आलं. त्यांना तुझा पक्ष दिसू नये, उपकार वाटू नये, मतासाठी करतोय असं वाटू नये, एवढं सगळं तू त्या एका मिनिटात विचार करून केलंस की आपोआप झालं मला माहीत नाही. आपोआप झालं असंल तर अजूनच भारी.

तसं आपल्या गावात अशी माणसं कमी नाहीत म्हणा. बैतुलमाल समितीच्या पोरांनी कोरोनात जात-धर्म न बघता अंत्यसंस्कार केले, सख्खी माणसं लांब उभी होती तेव्हा. पुरात व्हाईट आर्मी या बचाव पथकाची पोरं गळ्याएवढ्या पाण्यात उतरतात. फ्लेक्सवर यांच्यातलं कोण दिसतं? आणि दिसत नाही तेच बरं आहे, नाहीतर वाढदिवसाला क्रेननं हार घालत बसले असते.

आबा बरे आहेत. रिक्षातच ऑक्सिजन 94 वर आला होता, दवाखान्यात नेब्युलायझेशन दिलं आणि रात्री घरी. 12 तारखेला मास्क लावून मतदानाला पण गेले, कुणाला दिलं विचारलं तर डोळे वटारतात. तुझं मात्र रोज विचारतात, ते पोरगं सापडलं का गं? भाषण अर्धं राहिलं याचा राग आहेच, नेता शेवटी काय बोलला ते तुझ्याकडनं ऐकायचंय म्हणे.

तर हे वाचलंस की घरी ये. मिरजकर तिकटीला कुठल्याही पानपट्टीवर सभेत दम लागलेले आबा म्हणून विचार, घर दाखवतील, आता फेमस झालेत ते. रविवारी आलास तर तांबडा-पांढरा असतो. आबांना डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, तेव्हा त्यांच्या वाटणीचा तांबडा तुला. त्या फोटोवाल्या दोस्ताला पण आण, बिचाऱ्यानं लगेच खाली घेतला होता मोबाईल.

तुझी,
आबांची थोरली